नळीतला ढग

मित्रांनो, मी एक जुनी काचेची परीक्षानळी आहे. माझ्या ओठाचा टवका उडालेला आहे, पण त्याची आता लाज वाटत नाही.

वाळू वितळवून मला घडवले. त्या भट्टीतला फक्त मधासारखा संथ उजेड आठवतो. पुढे आकुर्डीच्या एका कॉलेजात मी किती रंग अंगात घेतले! एकदा तर माझ्यात सोनेरी कण पावसासारखे उतरले आणि मुले श्वास रोखून पाहत राहिली. मग टवका उडाला, मी खोक्यात पडले. तिथून अपेक्षाने मला मागून नेले. ती त्याच कॉलेजात विज्ञान शिकली होती आणि आता चाकणच्या कंपनीत सुटे भाग तपासत होती.

पुनावळ्याला तिच्या घरी मला नवे काम मिळाले. तिची आई कस्तुराबाई सुजली होती. शेजारची रंभा म्हणायची, "कस्तुरे, अंग धरलंस गं! लेकीचा पगार मानवला व्हय?"

पण ते बाळसे नव्हते. शरीराचे पहारेकरीच भ्रमिष्ट होऊन तिच्या मूत्रपिंडांवर तुटून पडले होते. तिथल्या चाळणीतून रक्तातले प्रथिन लघवीवाटे वाहून जात होते.

रोज सकाळी गच्चीवर अपेक्षा माझ्यात आईची लघवी भरी, स्पिरिटच्या दिव्यावर मला तापवी आणि व्हिनेगरचे थेंब टाकी. प्रथिन असले की माझ्यात पांढरा ढग तरंगे. ढग जितका दाट, तितकी गळती जास्त.

"आज पास का रिजेक्ट?" कस्तुराबाई जिन्यातून विचारी.

"रिजेक्ट."

"मालच खराब हाय गं ह्या कंपनीचा!"

वर्षभर गोळ्या झाल्या, ढग हलला नाही. असेच चालले तर मूत्रपिंडे निकामी होतील, असे डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी प्रतिपिंडाचे औषध सुचवले.

"आई, प्रतिपिंडं म्हणजे शरीराचे बाण. तुझे बाण तुझ्यावरच उलटलेत," अपेक्षाने समजावले. "हे औषधही प्रतिपिंडच, पण माणसाने घडवलेलं. बाण बनवणाऱ्या पेशींनाच ते हुडकून काढतं."

"म्हंजी काट्यानं काटा."

"हो. पण गुण यायला महिने लागतात."

पंधरा दिवसांच्या अंतराने सलाइनमधून दोन डोस झाले. नंतर महिने गेले, तरी ढग तसाच. अपेक्षा वहीत नोंद करी आणि पाण्याच्या टाकीकडे तोंड करून रडे.

चौथ्या महिन्यात एका सकाळी ढग आलाच नाही. अपेक्षा नाचली. मला मात्र ठाऊक होते. मी ओरडू शकत नव्हते.

नाचता नाचता ती थांबली. तिने मला उन्हात धरले. "आई, ह्याला रंगच नाही. हे टाकीचं पाणी आहे."

कस्तुराबाई खाली बघत म्हणाली, "तुझं रडकं त्वांड बघवंना. एक दिस तरी पास व्हावं म्हनलं."

"अगं, डॉक्टर ही वही बघतात! बरं वाटतंय समजून चालू गोळ्या कमी केल्या असत्या तर?"

दोघी टाकीपाशी कितीतरी वेळ बसून राहिल्या. माझ्यातले पाणी निवत गेले.

त्यानंतर ढगाचे हळूहळू धुके झाले. सातव्या महिन्यात एके सकाळी धुकेही उरले नाही. माझ्यात फिकट पिवळा उजेड होता, आणि त्यातून पुनावळ्याच्या अर्धवट बांधलेल्या उंच इमारती डाव्या-उजव्या बदलून दिसत होत्या. अपेक्षाने मला दिव्यावरून काढले, पुन्हा धरले, पुन्हा काढले.

"आई, खरं सांग."

"तुझी शप्पत! ह्या येळंला माझंच हाय!"

रक्ताच्या तपासणीनेही तेच सांगितले. सूज उतरल्यावर रंभा हळहळली, "किती वाळलीस गं!" कस्तुराबाई हसली. "औषध मानवलं मला."

आजार परतू शकतो, म्हणून आठवड्यातून एकदा मी अजून गच्चीवर जाते. मित्रांनो, मला कुणाला बरे करता येत नाही. जे आहे ते दाखवणे एवढेच मला येते. म्हणून मला स्वच्छ घासून ठेवा, आणि ढग दिसला तरी चालेल, पण माझ्यात खरे तेच भरा.