दोन तोंडांचा फोटो

चैत्राम आबांच्या घरासमोर सगळा पाडा जमला होता. भर दुपारचं ऊन. घरात पत्र्याच्या पेटीवर एक मोबाइल टेकवून ठेवलेला, त्याचं तोंड दाराकडे. एकेक माणूस उंबऱ्यावर येऊन उभा राहायचा, आतून आवाज यायचा, "श्वास रोखा, पापणी हलवू नका," आणि फोटो निघायचा. फोटो नीट आला की तो माणूस घाम पुसत बाजूला व्हायचा.

हा पाडा साक्रीच्या पश्चिमेला डोंगराखाली आहे. नाव लिहीत नाही, कारण माणसं अजून तिथंच राहतात. साक्रीत माझं फोटोचं आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आबांच्या नातवाचा फ्रेम केलेला फोटो पोचवायला मी आलो होतो. पोरगं साडेतीन वर्षांचं, तापानं जाऊन नऊ दिवस झालेले.

आतला आवाज तोताराम महाराजांचा होता. हे गृहस्थ पावसाळ्यात कुठून तरी उगवले आणि पाड्यावर मुक्काम ठोकून बसले. पूर्वीचे बाबा लिंबू कापायचे, नारळातून केस काढायचे. यांनी काळाबरोबर चालायचं ठरवलं असावं. "डोळा लाज धरतो, काच लाज धरत नाही," ते सांगत होते. "माझ्या मंत्रानं हा मोबाइल उघडलाय. पोराला कुणा डाकिणीनं खाल्लं ते हाच सांगेल." एरवी मी हसलो असतो. पण माझ्या बगलेत त्या पोराचा फोटो होता, त्यामुळे हसू आलं नाही.

मग दिवालीबाईंना पुढे आणलं. साठीच्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. मोहाची फुलं वेचून पोट भरणारी बाई. दोन वर्षांपासून त्यांची मान सारखी हलते, हे सगळ्या पाड्याला माहीत होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. फोटो निघाला. महाराजांनी मोबाइल उंच धरला आणि माणसं दोन पावलं मागं सरली.

मीही पाहिला. अंगावरची साडी, उंबरा, सगळं स्वच्छ. पण धडावर दोन तोंडं होती, एकातून दुसरं निघाल्यासारखी. चार डोळे. कानातून आरपार अंगणातला शेवगा दिसत होता. मीही दचकलो, हे कबूल करतो. पुन्हा काढला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

शुक्रवारच्या बाजाराआधी बाईनं पाडा सोडायचा, नाही तर पुढचं आम्ही जाणत नाही, असं चारदोन जण बोलू लागले. 'आम्ही जाणत नाही' म्हणजे काय, ते आमच्या भागात लहान पोरालाही कळतं. पाड्यावर आरोग्याचं काम बघणारी आशा सेविका रोहिणी तेवढी मध्ये पडत होती. तापाच्या दुसऱ्या दिवशीच पोराला दवाखान्यात न्या म्हणून ती आबांच्या पाया पडली होती, पण महाराजांनी अंगारा लावून दोन दिवस त्याला घरातच ठेवलं होतं. आता तिला कुणी बोलूच देईना. दिवालीबाई रडत नव्हत्या. त्या मोबाइलकडेच टक लावून बघत होत्या, आणि मला त्याचंच जास्त भय वाटलं.

महाराजांनी मोबाइल फिरवला तेव्हा मागचं अशोकचक्राचं स्टिकर दिसलं, अर्धं सोललेलं. ते मीच चिकटवलं होतं. तो मोबाइल माझा होता. पाच वर्षं वापरून मी तो बाजारात विकला होता.

मग स्क्रीनच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं शोधली. एचडीआर. चालूच होतं. तेही मीच कायमचं चालू करून ठेवलं होतं, आणि विकताना बंद करायचं राहिलं होतं. नवरी दारात उभी राहिली की मागं ऊन आणि तोंडावर अंधार येतो, म्हणून लग्नसराईत ऊन-सावली दोन्ही सांभाळणारी ही सोय मला लागायची. मी विकलेल्या यंत्रातून एका बाईचा जीव जायची वेळ आली होती.

मी म्हटलं, "महाराज, माझाही काढा की." उंबऱ्यावर उभा राहिलो आणि नाही म्हणताना हलवतो तशी हळूहळू मान हलवली. फोटोत मलाही दोन तोंडं आली. लोक हबकले. महाराज मात्र कच्चे नव्हते. बाईतली बाधा उडी मारून याच्यात शिरली, असं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं आणि चार माणसं माझ्यापासून लांब झाली.

तेव्हा मी फ्रेमचा कागद सोडला आणि ती आबांच्या हातात दिली. म्हटलं, आबा, ही घेऊन उंबऱ्यावर उभे राहा, एवढं माझं ऐका. आबांनी नातवाचं तोंड पाहिलं आणि त्यांचे हात थरथरू लागले. महाराज मोबाइल उचलायला गेले, पण रोहिणीनं आधीच बटण दाबलं होतं.

फोटोत पोराला दोन तोंडं होती. चार डोळ्यांनी ते हसत होतं.

आबांनी मोबाइल हातात घेऊन पाहिला. मग महाराजांना म्हणाले, "मना नातूबी डाकीण शे का आते?"

महाराज पोतडी आवरायला लागले.

मी मोबाइल घेतला आणि सगळ्यांना दाखवत एचडीआर बंद केलं. दिवालीबाईंना पुन्हा उभं केलं. ऊन पांढरंफटक आलं, चेहरा काळा आला, थोडा पुसटही, पण एकच आला. मग समजावून सांगितलं. एचडीआरमध्ये फोन एक फोटो काढत नाही. एक काळपट, एक मध्यम, एक उजळ, असे लागोपाठ तीन काढतो आणि त्यांतलं चांगलं तेवढं घेऊन जोडतो. स्थिर माणूस तिन्हींत एकाच जागी असतो. हलणारा वेगवेगळ्या जागी सापडतो, आणि अशा जुन्या फोनला ते नीट जोडता येत नाही. म्हणून डोंगर, घर, झाड यांना एचडीआर लावावं. पळत्या पोराला, हलत्या माणसाला लावू नये. महाराजांना हे कळत नव्हतं. हलणारा माणूस दुहेरी येतो एवढं मात्र त्यांनी हेरलं होतं, आणि पाड्यावर मान कुणाची हलते हेही.

"मंग पोर कसं गयं?" मागून एका बाईनं विचारलं.

"तापानं," रोहिणी म्हणाली. "दोन दिवस घरात ठेवलं म्हणून." मी फोन केला आणि संध्याकाळी पोलिसांची गाडी येऊन महाराजांना घेऊन गेली. जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो वापरायचा असतो.

दिवालीबाईंना रोहिणी धुळ्याला घेऊन गेली. मान हलण्याला नाव आहे, गोळी आहे. आता हलणं कमी झालंय.

मीही एक गोष्ट शिकलो. आता विकायच्या प्रत्येक फोनमधलं सगळं मी पुसून देतो आणि काय चालू, काय बंद, ते गिऱ्हाइकाला दाखवतो. तुम्हालाही हात जोडून सांगतो, यंत्रानं काही अजब दाखवलं तर माणसावर बोट ठेवण्याआधी यंत्र उघडून बघा. दुसऱ्या माणसावर तेच करून बघा. दिवालीबाईंचा तो दोन तोंडांचा फोटो अजून कुणाकुणाच्या फोनमध्ये फिरतोय, तुमच्याकडे आला तर पुढे पाठवू नका.

त्या दुपारी सगळे पांगल्यावर दिवालीबाई माझ्याजवळ आल्या होत्या. त्यांनी तो काळा फोटो पुन्हा मागितला आणि डोळ्यांशी धरून पाहिला.

"भाऊ," त्यांनी हळूच विचारलं, "मनामा आखो कोनी नई ना?"

तीन फोटोंत त्या बाईला स्वतःबद्दलही खात्री उरली नव्हती. मी म्हटलं, "तुमच्यात आणखी कोणी नाही, अक्का. तुम्हीच आहात." त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.