बिनआवाजाची गाडी

धम्मानंद पुण्यात एका कंपनीत इंजिनियर होता. दोन हजार नऊच्या मे महिन्यात कंपनीनं अभ्यासासाठी परदेशातून एक हायब्रीड गाडी आणली. तिला पेट्रोलचं इंजिनही होतं आणि विजेची मोटरही. हळू चालवली तर काही अंतर ती नुसत्या बॅटरीवर जायची, अजिबात आवाज न करता. कडक उन्हात हे अंतर किती उरतं, ते पाहायचं होतं. कुठं न्यायची, असं साहेबांनी विचारताच धम्मानंद म्हणाला, "आमच्या पुसेगावला नेतो. हिंगोलीकडच्यासारखं ऊन कुठं मिळणार?"

मनातली गोष्ट वेगळी होती. ती गाडी त्याला बापाच्या दारात उभी करायची होती.

गावी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, हवेत अजून गारवा होता तेव्हाच, त्यानं बापाला, पुंजाजींना, शेजारी बसवलं. गाडी गल्लीतून निघाली आणि पुंजाजी थक्क झाले. रस्त्यात बसलेल्या कोंबड्यांनासुद्धा मागून काही येतंय याचा पत्ता नव्हता.

"चालू हाय का बंद हाय रे ही?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे बाबा. नुसत्या करंटवर."

पुंजाजींनी आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबून पोराला शिकवलं होतं. घरी परतल्यावर ते चहालाही थांबले नाहीत, गावभर सांगत सुटले. दुपारी दारात गर्दी जमली. ज्यांच्या शेतात त्यांनी सालगडी म्हणून सालं काढली होती ते शिवशंकरराव पाटील पहिल्यांदाच त्यांच्या अंगणात आले होते. पुंजाजींनी त्यांना खुर्ची दिली आणि पोराला हाक मारली, "धम्मा, दाखव रे यांना. आवाज येतो का बघा म्हणावं!"

धम्मानंदनं दारातल्या गाडीकडं पाहिलं. गाडी सकाळपासून उन्हात तापत होती. बॅटरी जास्त गरम झाली की गाडी तिला जपते आणि आपणहून इंजिन सुरू करते. त्यात एसी लावला की बॅटरीवर आणखी ताण. हे सगळं त्याला पाठ होतं. 'आत्ता नको, संध्याकाळी दाखवतो' एवढं म्हणायचं होतं. बापाचा चेहरा पाहून ते ओठांवर आलं नाही.

पुढं त्याची आत्या रूपाबाई बसली. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. मागं शिवशंकरराव आणि पुंजाजी. एसी लावला, गाडी निघाली, आणि वस्तीच्या टोकाशी पोचायच्या आत इंजिन घरघरलं.

"आवाज तर येऊन राहिला की," शिवशंकरराव म्हणाले. सहजच म्हणाले.

आरशात बापाची खाली गेलेली मान दिसली आणि धम्मानंदनं एसी बंद केला. बाहेरची झळ नको म्हणून काचा मात्र बंदच ठेवल्या. थोड्या वेळानं इंजिन थांबलं. नरसीच्या रस्त्याला गाडी मुक्यानं सरकू लागली.

"व्हय, आता न्हाई आवाज," शिवशंकरराव म्हणाले. पुंजाजी मोठ्यानं हसले.

आत भट्टी झाली होती. रूपाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "लेकरा, गार हवा बंद झाली का?"

"थोडं थांब आत्या. पुलापर्यंत जाऊन वळतो."

ती पुन्हा काही बोलली नाही. धम्मानंदचं लक्ष समोरच्या दिव्यावर होतं. बॅटरीची खूण अजून हिरवी होती. पूल दिसू लागला तेव्हा शिवशंकरराव ओरडले, "अरे गाडी थांबव! बाईकडं बघ!"

आत्याची मान दाराकडं कलंडली होती.

त्यांनी तिला बाभळीच्या सावलीत निजवलं. तोंडावर पाणी मारलं, पण डोळे नीट उघडेनात. तिला मागच्या सीटवर घेऊन धम्मानंदनं एसी पूर्ण सोडला आणि गाडी हिंगोलीकडं पळवली. इंजिन सगळ्या वाटेनं गरजत होतं. ते बंद व्हावं असं आता कुणालाच वाटत नव्हतं.

सरकारी दवाखान्यात सलाईन लावल्यावर ती शुद्धीवर आली. डॉक्टर रागावले, "आजी, एवढ्या उन्हात फिरता कशाला?"

"सकाळपून काही खाल्लं न्हवतं, म्हून चक्कर आली," ती म्हणाली.

सकाळी धम्मानंदच्याच ताटात ती जेवली होती. तो शेजारी उभा होता. बोलायला तोंड उघडलं, पण डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले आणि तो तसाच उभा राहिला.

संध्याकाळी तिला घेऊन ते परतले तेव्हा अंगणात माणसं थांबलेली होती. रूपाबाईला आत नेऊन निजवलं. बाहेर जो तो म्हणत होता, "गाडी होती म्हून म्हातारी वाचली. धम्मानंद, मोठं पुण्य केलंस." कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली. शिवशंकरराव एका बाजूला बसले होते. ते काहीच बोलत नव्हते. ते बोलत नव्हते हेच धम्मानंदला सोसवेना.

"गाडीनं वाचवलं नाही," तो म्हणाला. "गार हवा मी बंद केली होती. इंजिनाचा आवाज येऊ नये म्हणून. आत्यानं विचारलं तरी चालू केली नाही."

माणसं एकेक करून उठली. शिवशंकरराव जाताना एवढंच म्हणाले, "मलाबी गरम होऊन राहिलं होतं. बोलायला पाहिजे होतं."

पुंजाजी जमिनीकडं पाहत बसले होते.

"माझा सदरा पाठीला चिकटला होता, धम्मा. ती विचारून राहिली तेव्हा मीबी ऐकलं. मला वाटलं, पाटील हायेत, पुलापर्यंत जाऊ दे. माझी सख्खी बहीण रे ती."

बापाला रडताना धम्मानंदनं कधी पाहिलं नव्हतं. त्याला जवळ जाववेना आणि तिथून उठवेना.

रात्रीच्या जेवणाला आत्यानं दोघांनाही आत बोलावून घेतलं. खाटेवर बसून तिनं पेज प्यायली. धम्मानंद तिच्या पायाशी बसला.

"खोटं काहून बोललीस डॉक्टरला?"

"मंग काय सांगू? पोरानं केलं म्हनू?" ती म्हणाली. "जेव आता. भाकर निवून राहिली."

तो जेवला. ताटातलं सगळं संपवलं, कारण ती बघत होती. पुंजाजी भिंतीकडं तोंड करून जेवत होते.