सरुबाईची वाकळ छापून येते

संतपूरच्या सरुबाईला कापडावर फुलं उमटवायला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा भाजी चिरताना विळीवरून भेंडीची एक चकती उडाली, वाकळीचे दोरे रंगवायला कालवलेल्या लाल रंगात पडली, आणि तिथून सरुबाईनं ती उचलून टाकली ती नेमकी वाळत घातलेल्या धोतरावर. धोतरावर पाच पाकळ्यांचं फूल उमटलं. त्या दिवशी घरात भाजी झालीच नाही. पावशेर भेंडी धोतरावर संपली, आणि नवरा गुंडेराव जेवायला बसला तेव्हा ताटात भाकरी आणि तिखट होतं.

पुढं कांदे आले, दोडके आले, दुधीच्या बुडख्यावर चाकूनं कोरलेली पाखरं आली. रंगात बाभळीचा डिंक घातला की तो पसरत नाही, हे तिचं तिनंच शोधून काढलं. जुन्या लुगड्याधोतरांवर ती अशी नक्षी छापायची, कापून जोडायची आणि वाकळ शिवायची. गावातल्या बाळंतिणींना तिचीच वाकळ लागायची.

मराठी शाळेतल्या वृंदाबाई पुण्याचं ‘सुईटाका’ मासिक मागवायच्या. चौऱ्याऐंशी साली त्यात गोधडी विशेषांकाची जाहिरात आली. वृंदाबाईंनी कार्ड टाकलं, आणि महिन्याभरात मासिकाच्या नलिनीबाई गळ्यात कॅमेरा अडकवून बिदरच्या बसमधून उतरल्या.

गुंडेरावानं त्या दिवशी दोनदा दाढी केली. औरादच्या बाजारातून कोरी चादर आणली आणि घरातल्या वाकळीवर अंथरली.

“ठिगळं दाखवून पुण्यात आपली अब्रू काढतीस का?” तो म्हणाला.

“आवो, त्या बाई ठिगळंच बघायला यायल्यात की!”

नलिनीबाईंनी आल्या आल्या चादर उचलून बाजूला ठेवली आणि खालची वाकळ बघून मटकन खाली बसल्या. गुंडेराव दूध आणायला गेला. बाईंनी वही काढली.

“सरुबाई, हे सूर्य किती सुंदर आहेत! यातून तुम्हाला काय सांगायचंय?”

“सूर्य कशाचे, बाई? भोकं हायत.”

“भोकं?”

“यांच्या विडीची. अंथरुणात पडून वढत्यात, ठिणगी पडती. नुसतं ठिगळ वंगाळ दिसायलं, म्हणून गोल कापलं आन् भवती किरणं छापले.”

“आणि हा चंद्र?”

“ती बी विडीच. जरा लवकर इझली.”

“हे मासे?”

“उंदरांनी कुरतडलेलं.”

नलिनीबाई हसल्या नाहीत. भराभरा लिहीत राहिल्या. इतकी वर्षं वाकळ सगळ्यांनी पांघरली होती, पण ती कशी सुचली हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. सरुबाईला बोलायला हुरूप आला आणि ती एकेका टाक्याची कुळकथा सांगत सुटली.

एवढं सांगताना एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नाही. गुंडेराव बुद्धविहाराच्या मंडळाचा सचिव होता. दर पौर्णिमेला वंदना झाली की तो व्यसनावर भाषण द्यायचा. म्हाताऱ्या तात्यारावांची तंबाखूची चंची त्यानंच भर सभेत विहिरीत टाकायला लावली होती. आपली विडी तो घराचं दार लावून ओढायचा.

पावसाळ्याच्या तोंडाला अंक आला. सरुबाईचा पानभर फोटो! तिनं तो दोन्ही हातांनी धरला. आपलं नाक एवढं मोठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

“मी आधी एकदा वाचून बघते,” वृंदाबाई म्हणाल्या.

“तुमी कामून, बाई? सातवी पास हाय मी,” गुंडेरावानं अंक काढून घेतला. “रविवारी विहारात सगळ्यांसमोर वाचतो. आमचं मानूस हाय.”

रविवारी विहार भरला. वृंदाबाईंना मुद्दाम बोलावून पुढं बसवलं. गुंडेरावानं घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला. भेंडीचं फूल झालं, दुधीची पाखरं झाली. लोक माना डोलवत होते.

“‘या गोधडीवर सतरा सूर्य आहेत. प्रत्येक सूर्याखाली एक भोक आहे. हे काम सरुबाईंचे यजमान श्री. गुंडेराव यांचे.’” तो थांबला. सभेकडं बघून हसला. “आपलं बी नाव हाय बरं का! ‘श्री. गुंडेराव यांचे. ते रोज अंथरुणात...’”

पुढची ओळ त्यानं आधी मनात वाचली. मग तो चाचरत म्हणाला, “‘ते रोज अंथरुणात... लवकर उठतात. फार कष्टाळू आहेत.’”

“असं नाही तिथं,” शेजारून वृंदाबाई बोलून गेल्या. पंधरा वर्षं पोरांचं वाचन सुधारायची सवय. जीभ चावेपर्यंत उशीर झाला होता.

“मग काय हाय ते वाचा की, बाई,” मागून तात्याराव म्हणाले.

वृंदाबाईंनी अंक हातात घेऊन हळू आवाजात वाचलं, “‘ते रोज अंथरुणात विडी ओढतात.’”

तात्यारावांनी बोटं मोजत विचारलं, “सतरा?”

“आन् एक चंद्र,” सरुबाईच्या तोंडून निसटलं.

मग जो हशा पिकला, तो कुणाच्या बापाला आवरेना. सरुबाईही तोंडात पदर कोंबून हसली. पण गुंडेरावाचे लाल झालेले कान दिसले आणि तिनं तोंडातला पदर काढला. ती उठून उभी राहिली.

“विडी वाईटच,” ती म्हणाली. “पण पावसापान्यात रंगाच्या पुड्यांसाठी औरादला चालत जानारा बी ह्योच मानूस हाय. मी कापायला मागितलं तवा नवं धोतर दिलं यांनी. मी ते बी त्या बाईस्नी सांगितलं व्हतं. तेवढंच छापलं न्हाई!”

“छापलंय,” वृंदाबाई पान उलटून म्हणाल्या. “पुढच्या पानावर. यांनी पान उलटलंच नाही.”

त्यांनी पुढचं वाचलं. धोतर होतं, पुड्या होत्या, औरादचा चिखलही होता. गुंडेराव खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “तात्या, चुकलो. सचिवपद घ्या काढून.”

“सचिव तूच ऱ्हा. वर्गणी कोन गोळा करंल?” तात्याराव म्हणाले. “भाषन मात्र हितून पुढं मी करनार.”

विडी सुटायला चार महिने लागले. मधे दोनदा घसरला, आणि दोन्ही वेळा आपणहून जाऊन तात्यारावांना सांगून आला.

दिवाळीनंतर, अंक वाचून गुलबर्ग्याहून पत्र आलं. तिथल्या शिवणवर्गातल्या मुलींना छापकाम शिकवायला सरुबाईनं पंधरा दिवस यावं. ती बिदरच्या पलीकडं कधी गेली नव्हती. रात्रभर जाऊ की नको करत राहिली आणि सकाळी उठून बोचकं बांधलं.

गुंडेराव बोचकं घेऊन बसमध्ये चढला. खिडकीची जागा पुसून दिली. मग कंडक्टरला धरून त्यानं कानडीत सुरू केलं, ही कोण, कुठं चाललीय, पुण्याच्या मासिकात कसं पानभर छापून आलंय. कंडक्टरचं झालं, तसा तो मागच्या बाकाकडं वळला.

“आवो, बस सुटायलीय, उतरा आता,” सरुबाई म्हणाली.

“थांब गं, यांना भेंडीचं सांगायलोय.”

बस सुटली. भेंडीचं सांगून होईपर्यंत गाव मागं पडलं होतं. कंडक्टरनं त्याला पुढच्या फाट्यावर उतरवलं. सरुबाईनं खिडकीतून मान काढून पाहिलं, तर गुंडेराव रस्त्याच्या कडेला उभा राहून, बैलगाडी थांबवलेल्या एका अनोळखी माणसाला बसकडं बोट दाखवून काहीतरी सांगत होता.