भिंतीवरची जागा

थॉर्नबेकच्या चर्चमधली उत्तरेची भिंत स्केलब्रुकांची. तसं कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण गावात दुसऱ्या कुणाची तिथं खिळा ठोकायची छाती नव्हती. सगळ्यात वर पणजोबा जोसाया. हे खडकीला पेशव्यांच्या फौजेशी लढले होते, आणि त्यांच्या संगमरवरी पाटीवर 'शत्रूची दाणादाण उडवली' असं ठसठशीत कोरलेलं होतं. शत्रूचं त्यावर काय म्हणणं होतं हे विचारायला अर्थातच कुणी गेलं नव्हतं. त्यांच्याखाली आजोबा, जे क्रायमियात एक पाय ठेवून परत आले. मग वडील, जे अफगाणिस्तानातून पदक आणि जन्मभराचा हिवताप घेऊन आले. वडिलांची पाटी आणि खिडकी यांच्यामध्ये एका पाटीपुरती जागा उरली होती. ती जनरल सर लँबर्ट स्केलब्रुक यांची.

या घराण्यात एक रीत होती. ऐंशी ओलांडली की स्केलब्रुकानं आपल्या पाटीवरचा मजकूर स्वतः लिहायचा आणि रविवारच्या जेवणानंतर घरच्यांसमोर आणि पाद्र्यासमोर वाचून दाखवायचा. एकदा डोळे मिटले की लोक काय वाट्टेल ते लिहितील, हा त्यामागचा सरळ हिशेब. जनरलसाहेबांनी तर सबंध हिवाळा त्या मजकुरावर घालवला होता.

घरचे म्हणजे आता एकटी कॉन्स्टन्स. जनरलची मुलगी, शेहेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली. घर, बाग, कुत्री आणि बापाची पथ्यं सांभाळणारी. त्या रविवारी मटण भाजताना तिचं लक्ष मटणात नव्हतं. आज तिला बापाकडे एक मागणं मागायचं होतं आणि ती सात वर्षांची असल्यापासून ते तिच्या मनात होतं. भिंतीवर आईचं, एलिनॉरचं, नाव हवं होतं तिला.

स्केलब्रुकांच्या बायका भिंतीवर नव्हत्या. त्या बाहेर गवतात, आपापल्या दगडाखाली होत्या. कॉन्स्टन्सची आई तिथंही नव्हती. नवऱ्याची पलटण हिंदुस्थानात असताना ती देवळालीला विषमज्वरानं वारली आणि तिकडच्याच मातीत राहिली. सात वर्षांच्या कॉन्स्टन्सला तिला सांभाळणाऱ्या नॅनीबरोबर बोटीत बसवून इकडं मायदेशी पाठवून दिलं. त्यानंतर या घरात आईचा फोटो दिसला नाही की बापाच्या तोंडून तिच्याबद्दल चकार शब्द निघाला नाही. बाप तिला विसरला, असंच कॉन्स्टन्स धरून चालली होती. त्याबद्दल तिनं त्याला कधी क्षमा केली नव्हती. त्याची अंडी मात्र रोज त्याला हवी तशी उकडून दिली होती. आता दगडावर एकदा अक्षरं कोरली गेली की संपलं. बोलायचं तर आजच.

जेवण झालं, रूबार्बच्या आंबट देठांची खीरही संपली, आणि जनरल उभे राहिले. चष्मा लावून त्यांनी वाचायला घेतलं. बोअर युद्ध आलं, सोम नदीवरची लढाई आली, मेसोपोटेमिया आलं, वायव्य सरहद्दीवरच्या अशा खिंडी आल्या की त्यांची नावं घेताना कवळी सुटायला लागली. पाद्री मिस्टर पेल, गुबगुबीत आणि सावध माणूस, शेरीचा पेला हातात धरून ऐकत होता.

"छान," तो म्हणाला. "फारच छान, जनरलसाहेब. फक्त एवढं सगळं मावायचं तर खिडकी बुजवावी लागेल."

"मग बुजवा!"

"तिच्यातूनच तर तुमच्या आजोबांवर उजेड पडतो."

मग लढाया कमी करायचं काम सुरू झालं. जनरल एकेका खिंडीसाठी भांडले. इतकं तर ते त्या खिंडीतसुद्धा भांडले नसतील. एक गाव सोडायला तयार झाले, दुसरं अडवून धरलं. शेवटी पाद्र्यानं हात टेकले आणि सोमवारी येतो, पाथरवटालाही आणतो, असं सांगून टोपी उचलली.

दार लागलं. कॉन्स्टन्स टेबलाशी उभीच राहिली.

"पपा, मला काही बोलायचंय."

"मटण जरा वातड होतं. पण मी काही बोललो नाही."

"मटणाचं नाही. आईचं नाव घाला."

जनरलनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला आणि ते खुर्चीत बसले.

"कॉनी," ते हळूच म्हणाले, "तुला रडू येतंय का?"

"म्हणजे?"

"येत असेल तर मी दुसऱ्या खोलीत जातो. नॅनी म्हणाली होती."

"काय म्हणाली होती नॅनी?"

"मी रजेवर आलो ना, तू आठ वर्षांची होतीस, तेव्हा तिनं मला जिन्यात गाठलं. म्हणाली, पोरीसमोर तिच्या आईचं नाव काढायचं नाही, ती रात्र रात्र रडते. सहन होत नाही तिला." जनरलनी टेबलावरचे पावाचे तुकडे बोटानं गोळा केले. "मी शब्द दिला."

कॉन्स्टन्स खुर्ची ओढून बसली. "मलाही तिनं तेच सांगितलं होतं. पपांसमोर आईचं नाव काढू नकोस, ते कोलमडतील."

"मी?"

"तुम्ही."

"त्या बाईनं दोन्ही बाजूंना एकच हुकूम दिला?"

"पपा, नॅनीला जाऊन वीस वर्षं झाली!"

"हो, पण तिनं हुकूम मागं कुठं घेतला होता?" जनरल म्हणाले. हे ते अगदी मनापासून म्हणाले. त्यांच्या आयुष्यात असं कधी झालंच नव्हतं, की हुकूम देणारा गेला म्हणून हुकूम गेला.

कॉन्स्टन्सला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच तिला खरोखर रडू कोसळलं. एवढी वर्षं एका छपराखाली दोघं मूग गिळून बसली होती, एकमेकांना जपत. तिला बापाची कीव आली, स्वतःची आली, आणि नॅनीचा असा राग आला की ती समोर असती तर तिच्या डोक्यात खिरीचं भांडंच घातलं असतं. जनरल सवयीनं उठून दुसऱ्या खोलीकडे निघाले.

"बसा हो पपा!" ती ओरडली.

ते बसले.

"मग आता घाला तिचं नाव. तुमच्या नावाशेजारी."

"नाही घालता येणार, पोरी." ते मान हलवत राहिले. "तुझी आई, माझी नेल, त्या भिंतीवर यायची नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून दर रविवारी बाकावर बसून ती माझ्या कानात कुजबुजायची. म्हणायची, लँबी, हे तुझे तिघं खडूस म्हातारे सगळं प्रवचनभर माझ्याकडे डोळे वटारून बघतात. मी मेले की मला काही यांच्यात टांगू नकोस. मला बाहेर उन्हात ठेव. आणि मी तिला ठेवलं कुठं, तर देवळालीला."

"तिथं ऊन असेल की, पपा."

"ऊन भरपूर आहे," जनरल म्हणाले. ते पावाचे तुकडे पुन्हा गोळा करायला लागले. "भरपूर आहे."

कुत्रं येऊन टेबलाखाली वास घेऊन गेलं. मग कॉन्स्टन्सनं डोळे पुसले आणि सहज विचारलं, "ती भिंतीवर नसणार, तर तुम्ही त्या तिघांशी काय बोलत बसणार?"

जनरलनी हिवाळाभर लिहिलेला तो कागद पुढ्यात ओढला. पेन्सिल मागितली. आधी सरहद्द खोडली, मग मेसोपोटेमिया. सोमपाशी हात थबकला, पण तीही गेली. पदकं गेली, 'सर' गेलं. मग कागद उलटा करून त्यांनी दोनच ओळी लिहिल्या, आणि घडी घालून तिच्या हातात दिल्या.

सोमवारी पाद्री आला, मागून पाथरवट आला. जनरल त्यांना चर्चमध्ये घेऊन गेलेच नाहीत. काठी टेकत दक्षिणेच्या दाराबाहेर, गवतात जिथं सकाळचं ऊन पडतं तिथं त्यांनी जागा दाखवली. कॉन्स्टन्सनं कागद पुढं केला.

पाद्र्यानं तो मोठ्यानं वाचला. "एलिनॉर. देवळालीस विसावली." मग खालची ओळ. "आणि लँबर्ट, तिचा नवरा."

त्यानं कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "जनरलसाहेब, हुद्दा राहिला वाटतं?"

"राहिला नाही. बरोबर लिहिलंय," जनरल म्हणाले.

"पण लोकांना कळायला नको का, तुम्ही कोण होतात ते?"

"अहो, लिहिलंय की," कॉन्स्टन्स म्हणाली आणि तिनं बापाच्या हातात हात घातला.