पिनेचं दुसरं टोक

“आतून जे निघेल ते फेकू नकोस, पोरी. आधी जोडून बघ, मगच नवं बसव.”

वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण गाडीच्या पोटात हात घातला की ताईला त्यांचा आवाज असा कानाशी ऐकू यायचा. आज मात्र तिने आधी नवं बसवून टाकलं. धाकटा भाऊ डोक्यावर उभा होता ना!

पिकअप जुनी. गिअरचा दांडा हल्ली म्हाताऱ्याच्या दातासारखा हलायचा. गेल्या खेपेला डोंगर उतरताना गिअर आपोआप सुटला आणि शेजारी बसलेल्या भावजयीच्या तोंडचं पाणी पळालं. आजही त्याच गाडीतून, मागे फरशा लादून, त्याच उताराने तिला माहेरी जायचं होतं. पोटुशी बाई. सकाळी तिने ताईचा हात धरला होता.

“वन्सं, यांना सांगून उपयोग नाही. तुम्हीच बघा.”

“मी हो म्हणेपर्यंत गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. शब्द देते तुला.”

दांड्याभोवतीचं रबर वर सारून, टोपण फिरवून ताईने दांडा उपसला होता. बुडाशी कड्यासारखा बसणाऱ्या प्लॅस्टिक बुशचे तुकडे झालेले, दांडा जागेवर धरणारी पोलादी पिन मोडलेली. नवा बुश, नवी पिन, बोटभर ग्रीस. दांडा खटकन बसला.

भावाने गिअर टाकून पाहिले. “अगं, लोण्यासारखा पडतोय! तुझे हात सोन्याने मढवायला हवेत.”

“आधी ग्रीसने मढलेत, ते पुसू दे.”

तो हसत जेवायला आत गेला. ताईने फडक्यावर जुने तुकडे मांडले. बुश पुरता जुळला. पिन जुळेना. तिचं एकच टोक हाती आलं होतं. दुसरं, करंगळीच्या नखाएवढं, पायपुसण्याखाली नव्हतं, सीटखाली नव्हतं. लोहचुंबक फिरवला, त्यालाही काही चिकटलं नाही.

“अरे, अर्ध्या पिनेचा पत्ता नाही!” तिने गाडीच्या खिडकीतून हाक दिली.

“पडली असेल रस्त्यात.” तोंडात घास होता.

“दांड्याखाली रस्ता नाही, गिअरबॉक्स आहे.”

“मग बसली असेल तळाशी तेलात. आता काय तिची समजूत काढू? हात धुतला की निघालोच.”

ताईने गाडी चालू केली, गिअर न टाकता, आणि कान लावला. आधी काहीच नाही. मग खोल खालून एक टकटक आली. थांबली. पुन्हा आली, जणू आतून कोणी नखाने दार वाजवत होतं. उतारावर मागून फरशांचं ओझं रेटत असताना तो तुकडा गिअरच्या दोन दात्यांत सापडला, तर मागची चाकं जागीच जखडणार. पुढचं तिला मनातही आणवेना.

भावजय बोचकं घेऊन फाटकाशी येऊन उभी राहिली होती. ती ताईकडे बघत होती.

ताईने इंजिन बंद केलं. किल्ली कमरेला खोचली. चाकांना दोन्हीकडून दगड लावले. तेल काढलं की तुकडा हाती येईल, आणि तेलाशिवाय गाडीही हलायची नाही. आतून तांब्याचा आवाज आला, भाऊ हात धुवत होता. तिने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, पाना आणि घमेलं उचललं, आणि गिअरबॉक्सचं तेल सोडायला आवाज न करता गाडीखाली सरकली.