दाव्यासकट आलेला कुत्रा

फुकट मिळालेल्या गोष्टीचा बयनाबाईला भारी संशय. भाजीवाल्यानं कोथिंबिरीची काडी वरून टाकली, तरी ती उलटून पाहणारी बाई. मग अख्खा कुत्रा फुकट मिळाल्यावर तिच्या जिवाला चैन कशी पडावी?

नवरा गेल्यापासून गुडीहत्नूरजवळच्या घरात ती एकटीच. आदिलाबादला दिलेली लेक रुपा हट्टाला पेटली, की घरात सोबतीला कुणीतरी हवं, आणि आईला मावला गावातल्या कुत्र्यांच्या आश्रमात घेऊन गेली. तिथल्या शीतलनं आधार कार्ड पाहिलं, फोटो काढला, घरात माणसं किती, अंगणाला फाटक आहे का, सगळं विचारलं. सोयरीक जुळवायला आल्यासारख्या चौकशा, आणि पैसा मात्र एक घेईना. वर तेलुगूतल्या कागदावर सही. त्यात काय लिहिलंय, तर म्हणे नाही जमलं तर कुत्रा परत आणा, आणि आम्ही महिन्याभरात बघायला येऊ. बयनाबाईनं तेवढंच लक्षात ठेवलं.

कुत्रा पांढराशुभ्र, कपाशीच्या फुटलेल्या बोंडासारखा. डावा कान टोकाला कापलेला. नसबंदीची ती खूण, असं शीतल म्हणाली. बयनाबाईनं मान डोलावली, पण विश्वास काडीचाही ठेवला नाही. कापलेल्या कानानं तिला एकदा चांगलंच पोळलं होतं. वाटेत सापडलेलं शेळीचं पिल्लू तिनं वर्षभर लेकरासारखं वाढवलं, आणि एक दिवस भैंसा गावाकडचा मालक चार माणसं घेऊन दारात उभा राहिला. कानाची चीर दाखवली आणि शेळी घेऊन गेला. दोन दिवस तिनं चूल पेटवली नव्हती.

तरी एक वेळ कानाचं सोडा. शीतलनं कुत्रा हाती दिला तो गळ्यातल्या पट्ट्यासकट, दोरीसकट. इथंच माशी शिंकली. बयनाबाईच्या गावात जनावर विकलं की दावं विकणारा ठेवून घेतो, नुसतं जनावर जातं. दाव्यासकट जातो तो पेरणीपुरता मागून नेलेला बैल, आणि तो तसाच दाव्यासकट परत करायचा असतो. म्हणजे हा कुत्रा उसना. आज ना उद्या नेणार.

उसन्या जनावराला नाव कसलं ठेवायचं? बोंड्या हे नाव पहिल्याच दिवशी तिच्या मनात आलं होतं, पण तिनं ते ओठांवर येऊ दिलं नाही. भाकरी टाकायची, पाणी ठेवायचं आणि तोंड फिरवायचं. कुत्राही कधी भुंकला नाही. फक्त ती कुठं बसली की पायाशी येऊन बसे. दर आठवड्याला शीतलचा फोन यायचा, खातो का, रमला का. रमला म्हटलं की लगेच येऊन नेतील, अशी बाईला धास्ती. "हाव, बरा हाय," एवढंच बोलून ती फोन ठेवायची.

विसाव्या दिवशी शीतलनं येते म्हणून कळवलं. त्या सकाळी बयनाबाईनं ज्वारीची भाकर दुधात कुस्करली आणि ताटली पुढं सरकवताना तिचे डोळे भरून आले. तिला स्वतःचाच राग आला.

फाटकाशी स्कूटी थांबली आणि तो मुका कुत्रा भुंकला. जिनं आश्रमात त्याला इतके महिने खाऊ घातलं, त्या शीतलवरच भुंकला. ती उलट खूश झाली. घर आपलं मानलं यानं, म्हणाली, आणि नाव काय ठेवलं ते विचारू लागली.

"वापस न्यायाचाच हाय तं नाव कायले इच्यारता?" बयनाबाईनं दोरी पुढं केली.

"कोन न्यून राह्यलं, मावशी? तुमचाच हाय तो."

"मंग दावं संगं काऊन देल्लं?"

शीतलला आधी काहीच कळेना. बयनाबाईनं बैलाचं, दाव्याचं सगळं सांगितलं. ते ऐकून ती हसली नाही. खाली बसली, पट्टा सोडला, दोरीत गुंडाळून पिशवीत टाकला.

"दावं आमच्याकडं राह्यलं. आता झाला ना तुमचा?"

स्कूटी सुरू झाली, आणि मोकळ्या गळ्याचा कुत्रा उघड्या फाटकातून तिच्यामागं धावत सुटला. बयनाबाई फाटकाशी धावली. दोरी तिच्याच हट्टानं गेली होती. आता धरायचं तरी कशानं?

"बोंड्याऽ!"

वळणावर तो थांबला. ते नाव त्यानं कधी ऐकलंच नव्हतं, पण आवाज रोज भाकरी टाकणारीचा होता. तो फिरला. बयनाबाईनं आणखी एकदा हाक मारली, मग आणखी एकदा, आणि तो पायाशी येऊन बसला तरी ती हाक मारतच होती.