चावलेली पट्टी

मी एक जुनी सागवानी पट्टी आहे आणि हो, मला एका बाळाने चावले आहे. हसू नका मित्रांनो! त्या चावण्यामुळेच आज माझी मान ताठ आहे.

सुताराने रंधा मारून मला सरळ केले आणि मी एका चित्रकार बाईंच्या हाती आले. बाईंचे चित्र म्हणजे पांढरा कॅनव्हास, एक निळा चौकोन आणि मला पुढे पुढे सरकवत मारलेली पेन्सिलीची एक लांब रेघ. बस्स! लोक म्हणत, "यात काय, पट्टीने रेघ कुणीही मारेल." माझ्या अंगाचा तिळपापड होई. ती रेघ नेमकी कुठे हवी हे ठरवायला बाई दिवसच्या दिवस बसून राहत. चित्रावर सहीसुद्धा करत नसत. म्हणत, "एवढ्या मोकळ्या जागेत माझं नाव कशाला लुडबुडायला हवं?"

त्यांच्या लेकीला दात येत होते, तेव्हा तिने मला कडकडून चावले. कडेला खाच पडली आणि माझ्या प्रत्येक रेघेत तिथे बारीकसा बाक येऊ लागला. सगळे म्हणाले, नवी पट्टी घे. बाईंनी ऐकले नाही. "लेकीचा पहिला दात आहे तो. राहू दे."

बाईंचे थोरले दीरही नावाजलेले चित्रकार. दोघांची कामाची खोली एकच, पण मला बाईंखेरीज कुणी हात लावत नसे. पुढे एका मोठ्या प्रदर्शनात बाईंचे सर्वांत लाडके चित्र लागले आणि खाली नाव दिरांचे!

"भाऊजी, हे माझं आहे."

"अगं, घरातलंच ना? नाव कुणाचं का असेना!"

बाईंचा चेहरा उतरला. आयुष्यभराची मेहनत होती ती, आणि सही तर नव्हती.

आता मोठी झालेली लेक तडक घरी गेली आणि मला घेऊन आली. सर्वांसमोर तिने मला त्या रेघेला लावले. माझी खाच जिथे, तिथेच रेघेचा बाक! मला पुढे सरकवले. पुन्हा तेच. आणखी पुढे, पुन्हा तेच!

दिरांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या हाताने आपल्या नावाची पाटी काढली. टाळ्यांनी दालन दणाणले. मित्रांनो, मला तर आनंदाने नाचावेसे वाटले!

"यापुढे सही करत जा," कुणीतरी म्हणाले.

"आहे की सही," बाई हसल्या. "माझ्या लेकीने केलीय."

प्रदर्शनवाल्यांचे मला काचेच्या पेटीत ठेवायचे घाटत होते. बाईंनी साफ नकार दिला. "मग मी रेघ कशाने मारू?"

तेव्हा मित्रांनो, तुमची पट्टी चावलेली, डागाळलेली असली तरी फेकू नका. तिला जपा, पण कामही द्या. मला आता निघायला हवे. घरी कोरा कॅनव्हास वाट पाहतो आहे.